युझुरु जेवला का?

17 फेब्रुवारी 2018 रोजी दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये गांगनुंगच्या रिंकवर युझुरु हान्यू साडेचार मिनिटं नाचला आणि पुरुषांच्या फिगर स्केटिंगमधलं सलग दुसरं ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन गेला. त्याआधी हा पराक्रम अमेरिकेच्या डिक बटनने 1948 आणि 1952 मध्ये केला होता. मधल्या 66 वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या 66 चे मथळे केले. इकडे सेंदाईत, म्हणजे त्याच्या जन्मगावी, आमच्या घरमालकीणबाई टीव्हीपुढे गुडघे मोडून बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि तोंडातून पहिलं वाक्य काढलं ते असं: "किती वाळलाय! जेवतो की नाही कोण जाणे."

खरं तर त्या दिवशी काळजी करायची होती ती घोट्याची. तीन महिन्यांपूर्वी ओसाकातल्या स्पर्धेच्या सरावात उडी चुकून त्याचा उजवा घोटा दुखावला होता आणि त्यानंतर तो थेट ऑलिंपिकलाच उतरला होता. पण घोट्याबद्दल बाईंचं नोव्हेंबरपासून बोलून झालं होतं. आता जेवणाची पाळी होती.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं सेंदाईत काढली. जपानच्या ईशान्येकडचं हे दहा-अकरा लाख वस्तीचं शहर. निखाऱ्यावर भाजलेली गाईची जीभ, ऑगस्टमधला तानाबाताचा उत्सव आणि चारशे वर्षांपूर्वी हे शहर वसवणारा दाते मासामुने नावाचा एकाक्ष सरदार, या तीन गोष्टींवर सेंदाईकरांचा अभिमान पोसलेला. हान्यू आला आणि तिघंही एकेक पायरी खाली उतरले. 2016 साली एका जपानी चित्रपटात त्याने सेंदाईच्या सातव्या दाते सरदाराची छोटीशी भूमिका केली. दिग्दर्शकाला ही कल्पना फार अफलातून वाटली असणार. सेंदाईकरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या संस्थानाचा धनी म्हणून दुसऱ्या कुणाला उभं करणार होतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

चाहते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किंचाळणाऱ्या मुली येतात. हान्यूला त्याही आहेत, जपानात आहेत, चीनमध्ये आहेत, युरोपात आहेत. पण जपानी रिंकच्या पायऱ्यांवरून जरा सावकाश नजर फिरवली की पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांचा भरणा दिसतो. गुडघ्यांवर शाल, मांडीवर दुर्बीण, पिशवीत डबा. मुलं मार्गी लागलेली, नवरा निवृत्त होऊन घरात बसलेला आणि जन्मभर दुसऱ्यांच्या प्रकृतीची चिंता वाहायची सवय काही सुटलेली नाही. अशा हजारो बायकांना मिळून सरकारने एक भाचा विभागून दिला, असा हा एकूण प्रकार आहे. त्या त्याला युझुरु-कुन म्हणतात. शेजारचा शाळकरी पोरगा सायकलवरून गेला की त्याला हाक मारताना लावतात, तेच हे 'कुन'. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं झाली, लग्नाचं वय झालं, तरी ते काही निघालं नाही.

मात्र मावशीपणा म्हणजे अडाणीपणा, असं धरून या बायकांशी वाद घालायला जाऊ नये. मी गेलो नाही, पण आमच्या कचेरीतला एक तरुण गेला आणि उडीच्या उतरणीला पंच गुण कसे जोडतात आणि कसे कापतात, यावर पाऊण तास ऐकून परत आला. मला ॲक्सेल उडी शिकवली ती घरमालकीणबाईंनीच, त्यांच्या स्वयंपाकघरात, हातात मुळ्याची किसणी धरून. बाकीच्या पाचही उड्या स्केटर पाठमोरा जाऊन घेतो. ॲक्सेल तेवढी पुढे तोंड करून. डावा पाय पुढे, भार पात्याच्या बाहेरच्या कडेवर, उजवा गुडघा वर खेचायचा आणि उतरायचं उजव्या पायावर, पाठमोरं. पुढे तोंड करून निघायचं आणि पाठमोरं उतरायचं, म्हणून अर्धा वळसा जास्त. चौपट ॲक्सेल म्हणजे हवेत साडेचार वळसे. हे सगळं कापडी सपाता घालून, स्वयंपाकघराच्या गुळगुळीत जमिनीवर चाललं होतं. वरचा अर्धा वळसा त्यांनी खरोखरच घेऊन दाखवला. बाई सुखरूप उतरल्या, किसलेला मुळा तेवढा भिंतीवर उतरला. "आणि एवढं सगळं हा करतो," भिंत पुसता पुसता त्या म्हणाल्या, "सकाळी धड काही न खाता!"

कुठलीही चर्चा निघाली तरी गाडी शेवटी याच फलाटाला लागायची. आपलं खाणं कमी आहे, हे त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगून ठेवलं होतं, आणि हा कबुलीजबाब देऊन त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. 2012 मध्ये सतरा वर्षांचा हान्यू प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकायला टोरोंटोला गेला. ऑर्सर जिथे शिकवत, त्या क्लबाच्या नावात क्रिकेट पहिलं येतं, मग स्केटिंग, मग कर्लिंग. पण सुवर्णपदकं येतात ती स्केटिंगची. (ज्या देशात आम्ही क्रिकेटपटूंची नखंही जपून ठेवू, त्या देशातून आलेल्या माणसाला हे जरा लागतंच.) आई सोबत गेली होती, हे कळल्यावर बाई केस कापायला जात त्या केशकर्तनालयातल्या मावशांच्या सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. मग कुणीतरी म्हणालं, आई आहे खरी, पण टोरोंटोत तांदूळ चांगला मिळतो का? पुढचा महिनाभर तांदळावर ऊहापोह झाला. ऑर्सर यांनी त्याच्या उडीत काय सुधारणा केली, हा विषय त्यामानाने लवकर आटोपला.

आता पू अस्वलाबद्दल बोललं पाहिजे. हान्यूला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून दमा आहे. थंडीत नाक वाहतं, म्हणून स्पर्धेत रिंकच्या कठड्यावर कागदी रुमालांचं खोकं लागे. त्या खोक्यावर 'विनी द पू'चं अस्वलाच्या आकाराचं कव्हर. बर्फावर जाण्यापूर्वी हान्यू नाक पुसे आणि अस्वलाला थोपटे. तो बर्फावर असताना ते अस्वल सांभाळायचं काम बऱ्याचदा ऑर्सर यांच्याकडे येई. हे गृहस्थ स्वतः दोन ऑलिंपिक रौप्यपदकांचे मानकरी, दक्षिण कोरियाच्या किम युनाला सुवर्णपदकापर्यंत नेणारे गुरू. जगभरचे कॅमेरे रोखलेले असताना सुटाबुटात, गंभीर चेहऱ्याने, छातीशी पिवळं अस्वल धरून ते उभे असत. गुरुशिष्य परंपरेत इतकी सेवा उलट दिशेने झालेली मी तरी पाहिलेली नाही.

अस्वल आवडतं म्हटल्यावर चाहत्यांनी अस्वलं फेकायला सुरुवात केली. नाच संपला, त्याने हात वर केले, की चारही बाजूंनी पिवळा पाऊस. पण हा पाऊस जपानी शिस्तीचा. प्रत्येक अस्वल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं, का तर त्याची लव बर्फावर पडून पुढच्या स्केटरचं पातं अडकू नये. मग छोट्या मुलामुलींची पलटण येई, पोत्यांत अस्वलं भरी, आणि ज्याची पाळी पुढची असे तो बिचारा कडेकडेने फिरत, वेचणाऱ्या मुलांना चुकवत, अंग गरम ठेवत राही. ऑलिंपिकमध्ये जाहिरातीचे नियम कडक, त्यामुळे कठड्यावरच्या पू अस्वलाला प्रवेश नव्हता. बेजिंगपासून पॅरिसपर्यंतच्या चाहत्यांनी याचा निषेध नोंदवला तो गांगनुंगला वरून अस्वलं ओतून. अशी अस्वलं हान्यू तिथल्या मुलांना आणि संस्थांना देऊन टाकत असे. अस्वलांच्या बाबतीत एवढं व्यवहारज्ञान दाखवणारा माणूस जेवणाच्या बाबतीत बेफिकीर कसा, हा बाईंचा न सुटलेला पेच.

त्यांचं घर म्हणजे हान्यूने जाहिरात केलेल्या वस्तूंचं कोठार होतं. तो च्युइंगमच्या जाहिरातीत होता, गादीच्या होता, चेहऱ्याला लावायच्या लोशनच्या होता. घरमालकांना कवळी होती. तरी ते रोज जेवणानंतर नियमाने गम चघळत, कारण इतक्या पाकिटांवर एक प्लॅस्टिकचं फोल्डर मिळत असे आणि फोल्डरवर युझुरु असे. रात्री ते युझुरुच्या गादीवर झोपत. "पाठ कशी आहे?" असं मी एकदा विचारलं. "पाठीला विचारून गादी आणलेली नाही," ते शांतपणे म्हणाले.

फोल्डरांचा तर ढीग होता. फोल्डर कागद ठेवायला असतं, पण यांत कागद ठेवायचा कसा? विजेचं बिल त्याच्या तोंडावर कसं ठेवायचं? डॉक्टरची चिठ्ठी ठेवली तर अपशकुन. त्यामुळे कपाटात कोरी फोल्डरं आणि बाहेर सगळ्या घरभर सैरावैरा कागद. हा पेच 2021 मध्ये अचानक सुटला. हान्यूने वासेदा विद्यापीठातून दूरशिक्षणाने पदवी घेतली होती. त्याचा प्रबंध होता अंगावर संवेदक लावून स्केटिंगची हालचाल मोजता येईल का, यावर. स्वतःच्याच अंगाला संवेदक लावून त्याने उड्या मोजल्या होत्या. तो प्रबंध त्या वर्षी विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. बाईंनी नातवाकरवी त्याची छापील प्रत काढवली, चष्मा बदलून आकृत्यांसकट वाचली आणि मग अत्यंत समाधानाने फोल्डरात सरकवली. त्या चेहऱ्याच्या तोलामोलाचा कागद अखेर मिळाला होता.

गंमत अशी, की एवढी माहिती बाळगून असलेल्या या बायकांना त्याच्या रोजच्या आयुष्यातलं जवळजवळ काहीच ठाऊक नव्हतं. इतर खेळाडू सकाळी दात घासतानाचे फोटोसुद्धा जगाला दाखवतात. हान्यू स्पर्धेत होता तोवर या भानगडीत पडलाच नाही. लोकांना दिसायचा तो रिंकवर, पत्रकार परिषदेत किंवा विमानतळावर, बहुतेक वेळा संघाचं जाकीट घातलेला. मधली सगळी जागा कोरी. आणि मावशीवर्गाला कोरी जागा बघवत नाही.

मग विमानतळावरच्या फोटोंचं वाचन सुरू होई. त्याला इअरफोनचा भारी षौक आहे, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे प्रत्येक नव्या फोटोत कानाभोवतीच्या वायरीचा रंग, तिचा पीळ, कानातल्या बोंडाचा आकार यांवरून ते कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल आहे, हे ठरवलं जाई. गळ्यातल्या टायटॅनियमच्या माळेचीही अशीच छाननी. ज्या बाईंना टीव्हीच्या रिमोटची बॅटरी घालता येत नसे, त्या बाई फोटोवर भिंग धरून वायरीची जात सांगत. एक मॉडेल त्यांनी विकतही आणलं. स्वतःच्या कानात ऐकण्याचं यंत्र असल्यामुळे ते घालायची सोय नव्हती, म्हणून नवऱ्याला दिलं. घरमालक तेव्हापासून दिवसभर कानात इअरफोन घालून बसू लागले. हान्यूवरची चर्चा त्यांना ऐकू येईनाशी झाली आणि उतारवयात संसाराला एकदम बहर आला.

तीर्थयात्राही होत्या. हान्यूचा 'सेइमेई' नावाचा नाच गाजला. त्यातली व्यक्तिरेखा हजार वर्षांपूर्वीच्या आबे नो सेइमेई या दरबारी ज्योतिषी-मांत्रिकाची. क्योतोत त्याचं देऊळ आहे. तिथे चाहत्यांची रीघ लागली. कोबेत युझुरुहा नावाचं देऊळ आहे. नाव युझुरुच्या नावाला जुळतं एवढ्या पुण्याईवर तिथेही लागली. जपानात लाकडाच्या छोट्या पाटीवर मागणं लिहून ती देवळात टांगतात. मी त्या पाट्या वाचत गेलो. आपल्याकडे देवापाशी माणूस स्वतःचं मागतो, फार तर मुलाच्या परीक्षेचं. इथे पाटीमागून पाटी एकाच परक्या मुलाचा घोटा बरा राहू दे म्हणून लिहिलेली. एका पाटीवर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "आणि माझे गुडघे" असं होतं. देवाचा वेळ घेतल्याचा संकोच त्या अक्षरांत स्पष्ट दिसत होता.

22 एप्रिल 2018 ला सेंदाईत त्याची विजययात्रा निघाली. 1 लाख 8 हजार माणसं लोटली. आमच्या बाई पहाटे घडीची खुर्ची घेऊन गेल्या. उघड्या गाडीतून हान्यू समोरून गेला, 'सेइमेई'च्या सुरुवातीची ती एक हात वर धरलेली मुद्रा करून दाखवली, टाळ्या झाल्या, गाडी पुढे गेली. खुर्ची मिटून बाई परत आल्या त्या थरथरतच. "बघितलं माझ्याकडे," म्हणाल्या. रस्त्याच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येक बाईकडे त्याने बघितलं होतं, असं त्या आठवड्यात माझ्या कानावर आलं. एवढी गर्दी उठून गेल्यावर रस्त्यावर कचरा म्हणावा असा उरलाच नाही, याची बातमी झाली. ज्याच्या मिरवणुकीला गेलो त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून लोकांनी कागदाचे कपटेसुद्धा खिशात घालून घरी नेले होते. आपल्याकडच्या विजययात्रा मी पाहिलेल्या आहेत, तेव्हा या विषयावर अधिक बोलत नाही.

त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांच्या हस्ते त्याला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार मिळाला. वय 23, एकट्या व्यक्तीला मिळालेल्यांत सर्वांत लहान. समारंभाला तो सेंदाई-हिरा या इथल्याच रेशमी कापडाचा पायघोळ हाकामा नेसून गेला आणि पुरस्काराबरोबर द्यायची स्मृतिभेट त्याने नम्रपणे नाकारली. 'आओइ होनोओ' या आत्मकथनाचं मानधन तर तो आधीपासूनच सेंदाईच्या रिंकला देत आला होता. माणूस इतका स्वच्छ असला की चाहत्यांची पंचाईत होते. कौतुकाला तोंडी लावायला एखादी खोडी लागते. म्हणून तो रात्र रात्र व्हिडिओ गेम खेळतो, याची चर्चा केवढ्या प्रेमाने चालायची! "डोळे जातील पोराचे," असं म्हणताना प्रत्येकीचा चेहरा फुललेला असायचा.

हा सगळा जिव्हाळा आला कुठून, ते एकदाच बाईंनी सांगितलं, तेही संत्रं सोलता सोलता. 11 मार्च 2011 च्या दुपारी भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांचा हान्यू सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. पायांतली पाती न काढता तो बाहेर पळाला. घराचं नुकसान झालेलं, म्हणून आईवडील आणि बहिणीसह त्याने काही दिवस आसऱ्याच्या जागी काढले. रिंक बंद पडलं. मग बर्फावरच्या कार्यक्रमांच्या निमित्ताने देशभर हिंडत, मिळेल त्या रिंकवर त्याने सराव चालू ठेवला आणि तीन वर्षांच्या आत सोचीला ऑलिंपिक जिंकलं. पुरुष एकेरीत आशियातला पहिलाच. आमच्या बाईही त्या मार्चमध्ये एका शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपल्या होत्या. पहिल्या रात्री एकेका घराला एकेक भाताचा मुटका मिळाला होता. "तिथे सगळे एकमेकांना तेवढंच विचारायचे," त्या म्हणाल्या, "जेवलात का?" आणि संत्र्याची अर्धी फोड मला देऊन टीव्ही लावला.

2022 च्या बेजिंग ऑलिंपिकमध्ये त्याचं पातं बर्फातल्या एका खड्ड्यात अडकलं आणि पहिल्या फेरीत तो आठव्या क्रमांकावर गेला. शहाणा माणूस दुसऱ्या फेरीत जपून खेळला असता. याने चौपट ॲक्सेल मारली, ती साडेचार वळशांची. पूर्ण साधली नाही, तो पडला, चौथा आला. स्पर्धेत ती उडी मारल्याची अधिकृत नोंद मात्र पहिल्यांदा त्याच्याच नावावर झाली. मला विचाराल तर त्याच्या दोन सुवर्णपदकांपेक्षा हा चौथा क्रमांक मला जास्त आवडतो. सेंदाईत मला वाटलं होतं सुतक असेल. कसलं सुतक! "आता तरी घरी येऊन दोन घास खाईल," हा तिथला एकमुखी निकाल.

जुलै 2022 मध्ये त्याने स्पर्धा सोडून व्यावसायिक कार्यक्रम करायचं जाहीर केलं. त्याने मग स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढलं. पुढच्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये एकट्याच्या जोरावर 35 हजार माणसांपुढे कार्यक्रम केला. इथवर सगळं मावशांच्या मनासारखं चाललं होतं.

4 ऑगस्ट 2023 च्या रात्री त्याने लग्न झाल्याचं जाहीर केलं. मुलगी कोण, हे सांगितलं नाही. वर्षानुवर्षं "याला कोणीतरी चांगली मिळाली पाहिजे" म्हणणाऱ्या बायकांची पहिली प्रतिक्रिया, आम्हाला विचारलं कसं नाही, अशी होती. ती गमतीत गेली असती. आमच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी लाल भात रांधला, जपानात शुभकार्याला रांधतात तो. पण सगळेच लाल भात रांधत नव्हते. साप्ताहिकं मागावर निघाली. नोव्हेंबरमध्ये त्याने घटस्फोट झाल्याचं निवेदन काढलं. पत्नीची आणि दोन्ही घरच्यांची बदनामी, पाठलाग, घराभोवती घिरट्या घालणारी अनोळखी माणसं, तिला दाराबाहेर पडणंही मुश्कील झालेलं, असं त्यात होतं. वायरीच्या पिळावरून इअरफोन ओळखणारी नजरच सरकत सरकत दाराच्या पाटीपर्यंत पोचली होती. यात विनोद शोधायचा मी प्रयत्न केला नाही, आणि कुणी केला तर मला तो ऐकायचा नाही.

मी भारतात परतलो होतो. नंतर कामानिमित्त सेंदाईला जाणं झालं तेव्हा बाई जुनी रद्दी दोरीने बांधत होत्या. कुणीतरी त्यांना आणून दिलेलं एक साप्ताहिक त्यात होतं, मुखपृष्ठावर तीच बातमी. न उघडता त्यांनी ते उलटं करून गठ्ठ्याच्या मधोमध खुपसलं, दोन गाठी मारल्या आणि गठ्ठा कचऱ्याच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवला. त्या दिवशी हान्यूबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरमालकांनी कानांतले इअरफोन काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा घातले. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम त्याने थांबवले नाहीत. आपल्या गेम खेळण्याच्या वेडाचाही त्याने एक अख्खा कार्यक्रम केला, त्यात गेममधल्याच संगीतावर नाचला. म्हणजे डोळे जातील म्हणणाऱ्यांना तिकीट काढून तेच बघायला लावलं. मार्च महिन्यात सेंदाईच्या मियागी प्रांतात भूकंपाच्या स्मरणार्थ तो कार्यक्रम करतो. बाईंना गेल्या खेपेला सोडतीत तिकीट लागलं नाही. घरमालकांना लागलं. ते गेले, बघून आले, आणि कसा होता असं विचारल्यावर म्हणाले, "बारीक वाटला."

तुमचं सेंदाईला जाणं झालं तर भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गावर कोकुसाई सेंटर स्थानकाला उतरा. तिथे हान्यूची दोन स्मारकं आहेत, एक सोचीच्या सुवर्णपदकाचं, दुसरं प्योंगचांगच्या. 2006 मध्ये तुरिनला सुवर्णपदक जिंकलेल्या शिझुका आराकावाचंही तिथेच आहे, तेही बघा. ती याच शहरात घडली. समोर एखादी बाई शाल सावरत उभी असेलच. तिचा फोटो काढून द्या, ती तुमचा काढील आणि वेळ असेल तर ॲक्सेलही समजावून देईल. त्याचं घर कुठे आहे, ते मात्र तिला विचारू नका.